पैसे आहेत म्हणू का नाहीत म्हणू?

धाकटा फ्रान्सला शिकायलाय. व्हिसाच्या वेळी महिन्याला 615 युरो आहेत हे दाखवायला पप्पांनी नातेवाईकांकडनं उसने आणून खातं फुगवलं, बँकेचा शिक्का मारून आणला. आता तिकडं घरभाड्याच्या सरकारी मदतीला अर्ज केला तर म्हणे उत्पन्न किती ते सांगा! काय बे, तेव्हा पैसा आहे म्हणून छाती ठोकायची आणि आता नाही म्हणून रडायचं? त्यात घरमालकाला जामीनदाराची सॅलरी स्लिप पाहिजे. यंत्रमागवाल्याची कसली आलीय सॅलरी स्लिप, टॉवेलचा अर्धा हिशेब वहीत, अर्धा डोक्यात. मदतीच्या अर्जाला लागतो म्हणून जन्मदाखला महापालिकेतनं काढला, फ्रेंचमध्ये करून घेतला, पाठवला, तर काल मेल, फाईल अस्पष्ट आहे पुन्हा अपलोड करा, आणि भाडं मात्र पाच तारखेला भरायचंच.