‘नुसता खोकला’ लिहिणं आळशीपणाचं?

मेडिकल कोडिंग (रुग्णाच्या नोंदीतल्या आजार-लक्षणांना ठरलेले कोड लावणं) शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला जोरात फिरतोय: "नुसता खोकल्याचा कोड लावू नका, तो आळशीपणा. ब्राँकायटिस, दमा, काहीतरी ठोस टाका." यात तीन दावे दडलेत आणि तिन्ही लंगडे आहेत.

लक्षणाचा कोड म्हणजे अर्धवट काम? मग आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत अठरावं प्रकरण ठेवलंय कशाला! ज्यांचं कारण हाती लागलेलं नाही अशा लक्षणांसाठीच ते आहे आणि खोकल्याला तिथे आर०५ हा हक्काचा कोड आहे. न्यूमोनिया पक्का झाला की मात्र खोकला वेगळा लावायचा नाही, तो न्यूमोनियातच आला.

संशय असला तरी आजाराचाच कोड लावा, नंतर दुरुस्त होतो, हा दुसरा दावा जास्त घातक. आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतल्या आवृत्तीचा ओपीडीसाठी नियम सरळ आहे: ‘बहुधा’, ‘संशयित’ असं लिहिलेलं असेल तर आजाराचा कोड नाही, लक्षणाचा. (भरती रुग्णाच्या डिस्चार्जला नियम वेगळा आहे. त्या सरमिसळीतूनच हा सल्ला निघाला असावा.) आणि दुरुस्त होतं कुठे? ‘दमा’ एकदा चिकटला की पुढचा डॉक्टर तो जुना आजार म्हणून उतरवून घेतो. रक्तदाबावरच्या एसीई इन्हिबिटर गोळीने येणारा कोरडा खोकला अशा दम्याखाली सहज लपतो. इन्हेलर वाढत राहतात, गोळी तशीच चालू!

तिसरा दावा, आर०५ मधून काहीच कळत नाही. अमेरिकेतल्या आवृत्तीपुरती ही शिळी गोष्ट. १ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे नुसता आर०५ चालतच नाही. आर०५.१ तीव्र, .२ उपतीव्र, .३ जुनाट, .४ खोकताना शुद्ध हरपणं, .८ इतर, .९ प्रकार न सांगितलेला. मोठ्यांमध्ये तीन आठवड्यांच्या आत तीव्र, आठच्या पुढे जुनाट, मधला उपतीव्र. खोकल्यातून रक्त पडत असेल तर आर०४.२.

सापळा वेगळाच आहे. ‘अनएक्सप्लेन्ड’ (कारण न उलगडलेला) खोकला त्या आवृत्तीत आर०५.३ खाली, म्हणजे जुनाटात, मोडतो. डॉक्टरने "अजून कळलेलं नाही" या अर्थाने तो शब्द लिहिला, तर पाच दिवसांचा खोकला कागदावर जुनाट होतो. त्यापेक्षा "पाच दिवस, कोरडा, ताप नाही, कारण अद्याप स्पष्ट नाही" एवढं लिहिलेलं बरं. दिवस लिहिलेलेच नसतील, तर कोडरने अंदाज बांधू नये, डॉक्टरला विचारावं.