सरकारी वकील आणि बेसनाचे लाडू

आमच्या घरी रात्री साडेनऊला कोर्ट भरतं. चूक माझीच, 'लॉ अँड ऑर्डर' ही न्यूयॉर्कची सिरीयल (१९९० ची, भाग काही संपत नाहीत) मी एकदा आईला लावून दिली आणि तिला इंग्रजी फारसं कळत नाही म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगायचं हे आपोआपच ठरून गेलं. दुभाष्या म्हणून भत्ता शून्य, उलट मधे पाणी प्यायलो तर 'अरे काय म्हणाला तो?' असा ओरडा.

तो म्हणजे जॅक मॅककॉय, सरकारी वकील. दाट भुवया, आणि केस जिंकायला काय वाट्टेल ते. एका भागात दारू पिऊन तीन जणांना गाडीने उडवणाऱ्यावर याला खुनाचाच खटला चालवायचाय, पण आरोपी झिंगलेला होता हे पुढे आलं तर हेतू कसा सिद्ध करणार, म्हणून हा पठ्ठ्या त्याला नशेत बघितलेल्या बाईलाच साक्षीपासून लांब ठेवतो. मी भाषांतर थांबवून म्हटलं, आई हे चूक आहे, अमेरिकेत १९६३ च्या निकालापासून आरोपीच्या फायद्याचा पुरावा सरकारी वकिलाला दडवता येत नाही. आई मेथी निवडत होती, तिने जुडीच माझ्यावर रोखली. 'त्याची ती क्लेअर कशी गेली रे? दारुड्याच्या गाडीनेच ना? मग?' क्लेअर म्हणजे मॅककॉयची आधीची सहकारी वकील, आणि तिचं हे आईला मागे मीच सांगितलेलं, म्हणजे माझीच साक्ष माझ्यावर उलटली. आणि हेच बचावाच्या वकिलाने केलं की लगेच 'मेला लबाड'!

बाबा जिल्हा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेत, त्यांना न्याय-अन्यायाचं काही पडलेलं नाही, त्यांचा आक्षेप एकच. 'पाऊण तास झाला, एकानेही तारीख मागितली नाही?'

परवा लाडवांचा डबा रिकामा निघाला आणि मी आरोपी. म्हटलं, अगं मी दोनच खाल्ले. 'म्हणजे खाल्लेस.' झाली कबुली, आठवडाभर गोड बंद. संध्याकाळी बायकोकडून कळलं की चिरंजीवांच्या हाताला चिकटलेलं बेसन आईने दुपारीच स्वतःच्या पदराने पुसलं होतं. मी तरातरा गेलो, 'तू पुरावा नष्ट केलास!'

'तो सहा वर्षांचा आहे, तू बेचाळीसचा,' आई म्हणाली.

बाबांना म्हटलं, मला अपील करायचंय. पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, 'अर्ज लिही, कोर्ट फी लाव.'

रुसून आत जाऊन पडलो तर साडेनऊला हाक आलीच, 'ये रे, काही कळत नाहीये.' गेलो. मॅककॉय कुणालातरी गोड बोलून गोत्यात आणत होता, नियमात बसत नव्हतंच, पण आरोपी असला हलकट की सांगता सांगता माझ्याच तोंडून निघून गेलं, सोडू नको साल्याला!

आईने मेथी खाली ठेवली. 'हे तो म्हणाला का तू?'