विकतची पोळी आणि मोडणारी घरे

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एका मित्राने एक मजकूर पाठवला. ज्या घरात चूल पेटत नाही ते घर टिकत नाही. पाश्चात्त्य देशांत आधी स्वयंपाकघरे बंद पडली आणि पाठोपाठ कुटुंबे मोडली. पुण्यात आता चौकाचौकांत पोळी-भाजी केंद्रे निघाली आहेत, तेव्हा आपणही त्याच वाटेला लागलो आहोत, असा त्याचा आशय होता. तासाभरात बऱ्याच जणांनी सहमती दर्शवली. कोणी आजीच्या हातच्या आमटीची आठवण लिहिली, कोणी आजकालच्या मुलींना साधा वरण-भात येत नाही अशी खंत व्यक्त केली, आणि शेवटी एकाने मला उद्देशून लिहिले, "तू तर तिथेच राहतोस, तूच सांग." त्या रात्री मी उत्तर दिले नाही, कारण शब्दांवर ताबा राहिला नसता. आता लिहितो आहे, तरी राग पुरता गेलेला नाही.

मी १४ वर्षे जर्मनीतील श्टुटगार्टमध्ये राहतो. ज्या घरांत चूल पेटत नाही असे माझ्या मित्राला वाटते, ती घरे माझ्या जिन्यातच आहेत. समोरच्या दारातील कुटुंबात संध्याकाळी शेगडी क्वचितच लागते. गरम जेवण दुपारी होते, मुलांचे कीटामध्ये म्हणजे पाळणाघरात किंवा शाळेत, मोठ्यांचे कामाच्या ठिकाणी. साडेसहा वाजता मात्र फेस्परला, म्हणजे संध्याकाळच्या थंड जेवणाला, पाचही जण टेबलाभोवती असतात. पाव, चीज, मुळा, काकडी, लोणी, एवढेच पान. धाकटा पाच वर्षांचा मुलगा काकडी कापतो, थोरली मुलगी ताटल्या मांडते, वडील पाव कापतात, आणि जेवण संपेपर्यंत कोणी उठत नाही. ही माणसे त्यांच्या केअरवोखेत, म्हणजे आळीपाळीने येणाऱ्या सफाईच्या आठवड्यात, जितक्या नेमाने जिना झाडतात तितक्याच नेमाने एकत्र जेवतात. या घरात मोडलेले काही मला तरी दिसलेले नाही.

आणि तो पाव बेकरीतून आणलेला असतो. जर्मनीत पावाची संस्कृती इतकी अभिमानाची मानली जाते की २०१४ साली ती देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत नोंदवली गेली. परगावी शिकायला गेलेल्या मुलांना जशी आपल्याकडे घरच्या पोळीची आठवण येते, तशी येथील माणसांना परदेशी गेल्यावर पावाची येते. परंतु तो पाव आईने पहाटे उठून मळलेला असलाच पाहिजे, अन्यथा घराचे संस्कार गेले, असे कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही. पाव चांगला कोणत्या बेकरीत मिळतो यावर ते तावातावाने वाद घालतात, पण तो घरातल्या बाईने का भाजला नाही हा प्रश्न त्यांना सुचत नाही. मग विकतची पोळी पानात आली म्हणून आपले घर कोसळेल ही भीती आपल्याला का वाटावी?

दुसऱ्याच्या हातचे जेवून पुणे मोठे झाले आहे, हे माझ्या मित्रांनी विसरावे याचे मला विशेष वाईट वाटते. माधुकरी मागून, वार लावून जेवून या शहरात पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी शिकले. आमचे आजोबा त्यांतलेच. आठवड्यातील कोणत्या वारी कोणाच्या घरी जेवत असत हे त्यांना म्हातारपणीही क्रमाने आठवत असे, आणि ती नावे घेताना त्यांचा आवाज बदलत असे. पुढे खाणावळी आल्या, बादशाहीसारखी भोजनगृहे आली, डबे आले. मुंबईच्या गिरणगावात तर हजारो कामगार शेजारच्या खाणावळवालीकडे जेवत. त्याच बायकांना सावकाराच्या विळख्यातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या कामगारांची कोकणातली आणि घाटावरची घरे कोणी मोडलेली घरे म्हणून मोजली नाहीत. पुरुष पैसे मोजून जेवला तेव्हा ती त्याची अडचण ठरली. आज बाई पैसे मोजून पोळ्या आणते तर तो संस्कृतीचा ऱ्हास ठरतो.

त्या गटात लिहिणाऱ्यांतील किती जणांनी आयुष्यात कणीक मळली आहे, हे मला विचारायचे आहे. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात घरचे काही विनामोबदला काम केलेले पुरुष शंभरात २६ निघाले, आणि स्त्रिया ८१. जे काम करतात त्यांतही स्त्रीची रोज सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषाची ९७. माझी वहिनी कोथरूडहून हिंजवडीला जाते आणि येते, यातच तिचे रोजचे तीन तास संपतात. तिने घरी येऊन पुन्हा बारा पोळ्या लाटाव्यात अशी ज्याची इच्छा आहे त्याने पोळपाट स्वतःच्या पुढ्यात ओढावा. तो ओढायचा नसेल तर पोळी-भाजी केंद्राच्या रांगेत उभे राहण्यात कमीपणा मानू नये.

शिवाय या सगळ्या चर्चेत पोळ्या करणाऱ्या मावशींचा उल्लेखही नाही. आमच्या पुण्याच्या घरी सहा वर्षांपासून ज्या मावशी येतात, त्या सकाळी पाच घरांत पोळ्या करतात आणि त्याआधी पहाटे स्वतःच्या घरच्या डब्यांच्या करून निघतात. चूल पेटणे हाच घर टिकण्याचा निकष असेल तर सगळ्यात भक्कम घर त्यांचे असायला हवे. मात्र त्यांच्या घरावर काय भार आहे हे कोणी विचारत नाही. पुण्यातल्याच घरकाम करणाऱ्या बायकांनी १९८० साली संप केला होता, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, आणि राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडले. जर्मनीत तासाचे किमान वेतन २०२५ साली १२.८२ युरो होते आणि घरकामालाही तेच लागू होते. मिनीजॉबची, म्हणजे कमी पगाराच्या छोट्या नोकरीची, नोंदणी केली की अपघात विमा आणि भरपगारी रजाही आली. मला या व्यवस्थेचे कौतुक आहे आणि ते मी लपवत नाही, जरी येथेही घरकामाचा मोठा भाग नोंदणीशिवाय चालतो हे मला ठाऊक आहे.

हे वाचून कोणी म्हणेल की परदेशी गेलेल्या माणसाला तिथले सगळे उजवेच दिसते. तसे नाही. पश्चिम जर्मनीत १९७७ सालापर्यंत घर सांभाळणे ही कायद्यानेच पत्नीची जबाबदारी होती, आणि संसाराच्या कर्तव्यांना बाधा येणार नसेल तरच तिने नोकरी करावी असे त्या कायद्यात लिहिलेले होते. आजही येथील स्त्री आठवड्याला जवळजवळ ३० तास विनामोबदला काम करते आणि पुरुष जवळजवळ २१. ही दरी लहान नाही. परंतु २१ तास काम केलेल्या पुरुषाने घरच्या अन्नाविषयी दोन शब्द बोलावेत, एवढा अधिकार मी त्याला देतो.

तो अधिकार मला स्वतःला फार उशिरा मिळाला. आमच्या घरी आजी-आजोबा, आई-वडील आणि आम्ही दोघे भाऊ. सकाळी डब्यांसह चोवीस आणि संध्याकाळी पंधरा, अशा पोळ्या आई रोज करीत असे, शाळेतली नोकरी सांभाळून. मी पुण्यात २७ वर्षे काढली आणि त्या अवधीत एकही पोळी लाटली नाही. लाटायला मला कोणी सांगितले नाही, आणि माझ्याही मनात ते आले नाही. श्टुटगार्टला आल्यावर पहिली दोन वर्षे मी विकतच्या पिठाशी झगडलो. ४०५ क्रमांकाच्या मैद्यासारख्या पिठाची पोळी वातड होई, जास्त कोंडा असलेल्या १०५० क्रमांकाच्या पिठाची चिवट, आणि अख्ख्या गव्हाच्या पिठातला जाड कोंडा कडेने पोळी फाडून टाकी. जात्यात दळताना गव्हातला स्टार्च दगडांच्या दाबाने थोडा भंगतो आणि म्हणून आपली कणीक जास्त पाणी पिते, हे मला पुढे कळले. सिहोरचा गहू गिरणीत समोर दळून घेण्याचा आईचा हट्ट मला लहानपणी नुसता त्रास वाटत असे, कारण तो डबा उचलून आणण्याचे काम माझ्याकडे होते.

मी आईला फोनवर विचारले की पाणी किती घालू. ती म्हणाली, "मावेल तेवढे." कणीक कशी हवी असे विचारले तर म्हणाली, "कानाच्या पाळीसारखी." रोजच्या एकोणचाळीस पोळ्यांच्या तिच्या हिशेबाला दुसरे कोणतेही माप नव्हते, आणि मी ते माप तिच्या शेजारी उभे राहून घेतले नव्हते. येथील काचेच्या शेगडीवर फुलका फुगत नाही, म्हणून मी घडीचीच पोळी करतो. शनिवारी तीस करतो, थोड्या गोठवून ठेवतो, आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने पोळी ही बाबाने करायची गोष्ट आहे. मला याचा अभिमान वाटतो. गटातल्या मित्रांना उत्तर देताना हाच अभिमान माझ्या शब्दांतून डोकावत असणार, आणि तो त्यांना बोचतही असेल.

परंतु गेल्या दिवाळीत आम्ही पुण्याला गेलो तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय हे लिहिणे प्रामाणिक होणार नाही. पहिल्याच सकाळी मी ओट्याशी गेलो, आणि आईने माझ्या हातून लाटणे काढून घेतले. "चार दिवसांसाठी आला आहेस, बस," असे ती म्हणाली. मी बसलो. दुसऱ्या दिवशी मी उठलोच नाही. आठवडाभर मी टेबलाशी बसून गरम पोळ्या खाल्ल्या, आणि वहिनी ऑफिसला निघण्यापूर्वी माझ्यासाठी कोशिंबीर करून ठेवीत होती तेव्हाही मी बसूनच होतो. शेवटी मुलीनेच विचारले, "बाबा, तू इथे का काही करत नाहीस?" मी तिला म्हणालो की आजीला आवडत नाही. ते अर्धेच खरे होते. मलाही तसे बसायला आवडत होते, कारण त्या खुर्चीवर बसून आयते खाल्ले की मी अजून त्या घरचा आहे असे मला वाटत होते.

त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले की आईच्या पोळ्या मावशी वेगळ्या, पातळ लाटतात आणि लगेच तूप लावून झाकून ठेवतात. कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की आईची डावीकडची दाढ दुखते, तिला कडक पोळी चावत नाही, आणि आता ती सकाळी एकच खाते. आईशी मी दर रविवारी तासभर बोलतो. दाढ दुखते आहे हे मला ठाऊक नव्हते. एके काळी डब्यांच्या चोवीस पोळ्या उरकून मग स्वतःचे पान घेणारी माझी आई आता एकच पोळी खाते, हेही मला ठाऊक नव्हते.

निघण्याच्या दिवशी मावशींनी माझे पान वाढायला घेतले आणि विचारले, "दादा, तुम्हाला किती पोळ्या?" मी उत्तर देण्याआधीच आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "त्याला तीन." मी पुणे सोडले तेव्हा तीन खात होतो. आता मला दोनच जातात. मी तीन खाल्ल्या.