औषध घेतलंच नाही, म्हणून खर्च शून्य

अकरा वर्षं झाली मला आमवात होऊन. वयामुळे होणारी सांध्यांची झीज वेगळी. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घ्यायचं, आणि ते यकृताला किंवा रक्तपेशींना बाधत नाही ना, हे बघायला ठरावीक काळाने रक्त तपासायचं.

मधे माझं काम सुटलं. तेव्हा गोळ्या चालू ठेवल्या आणि तपासण्या बंद केल्या. गोळ्या थांबवल्या की काही आठवड्यांत बोटं सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. तपासणी चुकली तर लगेच काहीच होत नाही. म्हणून कात्री तिथे लागली. डॉक्टरांनी रिपोर्ट मागितला तेव्हा म्हटलं, "विसरले." विसराळू ठरायची तयारी होती, पण पैसे नाहीत हे तोंडातून निघेना.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच सांगितलं होतं, की श्रीमंत देशांतही दीर्घ आजारांत सांगितल्याप्रमाणे औषध घेणारे सरासरी ५० टक्केच असतात. कारणं अनेक: दुष्परिणामांची धास्ती, कंटाळा, खरोखरचं विसरणं. पण त्यात माझ्यासारखी किती 'विसरलेली' असतील? एक गोळी दोन दिवस पुरवणारे, इन्सुलिनचं एखादं युनिट कमी घेणारे, बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाचं औषध पुढच्या महिन्यावर ढकलणारे. फिट्सची गोळी अचानक थांबवली तर झटके परत येतात, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची औषधं थांबली तर शरीर ते मूत्रपिंड नाकारतं. रुग्णाला हे माहीत नसतं असं नाही. तरी महिनाअखेर येतेच.

मला सगळ्यात लागतं ते मोजमाप. उपचारांमुळे कोणती कुटुंबं आर्थिक संकटात आली हे ठरवताना वर्षानुवर्षं जगभर वापरलेली एक रेषा अशी: घराच्या एकूण खर्चापैकी १० टक्क्यांहून जास्त रक्कम खिशातून उपचारांवर गेली का? आता ज्याने औषध घेतलंच नाही, त्याचा या खात्यातला खर्च शून्य. कागदावर तो सुखरूप! ज्याने कर्ज काढून उपचार केले तो निदान या आकड्यात दिसतो, ज्याने दुखणं अंगावर काढलं तो दिसतही नाही.

बिलात न येणारं तर कितीतरी. डायलिसिस सहसा आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास, वर जाणं-येणं आणि नंतरचा थकवा. हे सांभाळून कुठली नोकरी टिकते? सोबत येणाऱ्याचा रोजगारही बुडतो, बहुतेकदा घरातल्या बाईचा. आणि कितीतरी ठिकाणचा विमा रुग्णालयात दाखल होण्याभोवती बेतलेला असतो. दीर्घ आजारातलं बहुतेक आयुष्य मात्र घरी, गोळ्यांच्या डब्यापाशी जातं. बरणीचं झाकण उघडून देणारं कुणी, वाईट दिवशी अंघोळीला हात देणारं कुणी, या गरजा कुठल्याच अर्जात नसतात. बरं, बाहेरून आम्ही धडधाकट दिसतो, त्यामुळे मदत मागितली की आधी संशय येतो.

इन्सुलिन शोधणाऱ्यांनी १९२३ मध्ये त्याचं पेटंट टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं होतं. ते आठवलं की राग येतो. शंभर वर्षांनंतरही इन्सुलिन पुरवून पुरवून वापरणारी माणसं आहेत.

माझ्या बाबतीत कोंडी फुटली ती एका नर्समुळे. रक्तदाब मोजता मोजता तिने सहज विचारलं, "गोळ्या, तपासण्या, सगळं झेपतंय ना पैशांनी?" अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. मी खरं सांगितलं. डॉक्टरांनी लगेच यादी बघितली, दोन पूरक गोळ्या गरज नाही म्हणून काढल्या, आणि कुठल्या तपासण्या टाळायच्याच नाहीत ते लिहून दिलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

तुम्ही डॉक्टर, नर्स किंवा औषधविक्रेते असाल, तर हा प्रश्न विचारा. दाराबाहेर रांग असताना मोठ्याने नको, हळू विचारा.