कॅलेंडरच्या रेघा

आज सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत नेत्रतपासणी शिबिर होतं. मी नावं लिहून घ्यायला बसले होते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका, वय ७४, तपासणाऱ्याला म्हणाले, "पेपर वाचताना मधलीच अक्षरं गायब होतात हो." त्याने टॉर्च मारला, "मोतीबिंदू काढून झालाय ना? मग वयोमानाने एवढं चालायचंच," आणि पुढच्याला बोलावलं.

तेव्हापासून डोक्यात तिडीक गेलीय. चालायचंच म्हणजे काय?

तीन वर्षांपूर्वी माझी आई म्हणाली होती, "यंदा कॅलेंडरवाल्याने रेघा वाकड्या छापल्यात." सगळे हसलो. मीसुद्धा. मग तांदळात खडे राहायला लागले, तर चष्मा बदलून आणला. रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, डॉक्टरांकडे पोचेपर्यंत पाच महिने गेले, डाव्या डोळ्याच्या पडद्यावर व्रण धरला होता. तिथे डॉक्टरांनी तिच्या हातात एक कागद दिला, नुसत्या चौकटी आणि मधे ठिपका. अ‍ॅम्सलरचा तक्ता म्हणतात त्याला. एकेक डोळा झाकून बघायचं, रेघा सरळ दिसतात का. म्हणजे तपासणी आईने घरीच केली होती, कॅलेंडरवर! आम्ही हसण्यावारी नेली.

मोतीबिंदू, काचबिंदू सगळ्यांना तोंडपाठ. पीतबिंदू कुणाला माहीत आहे? पडद्याच्या मधोमध असलेला इवलासा भाग. त्याच्या जोरावर आपण वाचतो, सुई ओवतो, चेहरे ओळखतो. उतारवयात काहींचा तोच झिजतो. आणि हे लाखात एखाद्याला होणारं दुखणं नाही हो. २०२० साली जगभरात १९ कोटी ६० लाख लोकांना ते असेल असा अंदाज होता, २०४० साली २८ कोटी ८० लाख. ४५ ते ८५ वयातल्या शंभरात आठ-नऊ जण, आणि वय वाढेल तसं प्रमाण चढतच जातं. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका आणखी जास्त. आपल्या प्रत्येकाच्या नात्यात कुणीतरी असणारच, फक्त त्याला 'वय झालं' म्हणून गप्प बसवलेलं असतं.

मान्य, शिबिरांमुळे कितीतरी जणांचे मोतीबिंदू निघाले. हेही मान्य की बहुतेकांना पीतबिंदूच्या झिजेचा कोरडा प्रकार असतो आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. पण ओल्या प्रकारात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, रक्त-पाणी झिरपतं, नजर झपाट्याने जाते. त्यावर गेली वीसेक वर्षं डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. महागडी आहेत, पुन्हापुन्हा घ्यावी लागतात, खरंय. पण आईच्या उजव्या डोळ्यातला डाग त्यांच्यामुळेच आहे तिथे थांबलाय. डाव्यालाही ती वेळेत मिळाली असती, आम्ही त्या दिवशी हसलो नसतो तर.

आता ती माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघते. कडेच्या नजरेने चेहरा जरा बरा दिसतो म्हणे. पहिल्यांदा कळलं तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन रडले होते.

संध्याकाळी काकांकडे गेले. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं करून एक डोळा झाकायला लावला. डाव्याने सगळं नीट. उजव्याने बघताना म्हणाले, "बुधवार-गुरुवारच्या मधली रेघ तुटलीय गं."

उद्या सकाळी ९ ची वेळ घेतलीय रेटिनावाल्यांकडे. काकूही येणार आहेत.