‘सौदीने नळ बंद केला तर?’ घाबरायचं ते भलत्याच गोष्टीला

एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय: ‘1973 मध्ये अरबांनी तेलाचा नळ बंद केला आणि अमेरिका गुडघ्यावर आली. उद्या सौदीने मनात आणलं तर आठ दिवसांत जग ठप्प. आपल्याला चिंता नाही, आपल्याकडे बॉम्बे हाय आहे, रशिया आहे.’

आधी 1973. नळ बंद झालाच नव्हता. अरब देशांनी उत्पादनात कपात केली, आणि अमेरिका, नेदरलँड्स अशा मोजक्या देशांना तेल नाकारलं. पण टँकर बंदरातून सुटला की तेल वळवता येतं. कंपन्यांनी अरबांचं तेल इतरांना दिलं आणि बंदीवाल्या देशांकडे इराणचं वगैरे पाठवलं. अमेरिकेतल्या पंपांवरच्या रांगांना तिथल्याच सरकारचं भाव-नियंत्रण बरंच कारणीभूत होतं. खरा दणका भावाचा होता. तीनेक डॉलरचं बॅरल जानेवारी 1974 मध्ये 11.65 डॉलरला गेलं. भारतावर बंदी नव्हती, तरी पेट्रोल दरवाढीच्या निषेधात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले ते नोव्हेंबर 1973 मध्येच!

सौदीच्या मर्जीचं म्हणाल, तर सौदीने तेल आवळून पाहिलंय. ऐंशीच्या दशकात भाव टिकवायला सौदीने उत्पादन दिवसाला सुमारे 1 कोटी बॅरलवरून 1985 पर्यंत पंचवीसेक लाखांवर आणलं. गिऱ्हाइकं ब्रिटन-नॉर्वेकडच्या उत्तर समुद्राच्या तेलाकडे गेली, तिजोरी आटली आणि शेवटी सौदीनेच नळ सोडला. 1986 मध्ये भाव 10 डॉलरच्या आसपास कोसळला. दुकान बंद ठेवून दुकानदार किती दिवस जगणार?

भीती वाटायचीच तर ती वाटेची वाटावी. आखातातून बाहेर पडायची समुद्रवाट म्हणजे होर्मुझची सामुद्रधुनी. ती सर्वांत चिंचोळ्या जागी जेमतेम 33 किलोमीटर रुंद, आणि 2024 मध्ये तिथून दिवसाला सुमारे 2 कोटी बॅरल तेल जात होतं. ती टाळून जाणाऱ्या सौदी आणि अमिरातीच्या पाइपलाइनी आहेत, पण त्यांत एवढं तेल मावत नाही. ही वाट अडली, तर सौदीला तेल विकायचं असो वा नसो, तिच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही.

बॉम्बे हायबद्दल प्रेम मलाही आहे. 1974 मध्ये, त्याच तेलटंचाईच्या ऐन काळात, ‘सागर सम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या जहाजाला तिथे तेल लागलं. पण ऐन भरात असतानाही ते क्षेत्र दिवसाला पाच लाखांच्या आतच बॅरल देत होतं. आज देशाला पन्नास लाखांहून जास्त लागतात आणि 85 टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून येतं. रशियाचं तेल होर्मुझमधून येत नाही हे खरं, पण त्याचा भाव जागतिक भावाबरोबरच वर चढतो.

आणि मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही, तो घरातला लाल सिलिंडर. आपल्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त आयात होतो, बहुतेक आखातातून. कच्च्या तेलाचे साठे विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरला जमिनीखाली आहेत. विशाखापट्टणमला एलपीजीचीही गुहा आहे, 60 हजार टनांची. देशाची रोजची गरज 80 हजार टनांच्या वर.