सुस्त पडणारा बोका आणि डब्यातला केक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

सांदवाडीतलं (घरामागच्या परसबागेतलं) मांजर किडे-उंदीर खाऊन आजारी पडू नये म्हणून काय करावं, या मागच्या लेखावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं : मांजर ठेवतात तेच उंदीर खायला, पोटभर घातलं तर ते शिकार सोडतं. कवेलूच्या (कौलारू) घरात मांजर कोंडा म्हणणाऱ्यानं खेड्यातलं घर पाहिलेलं नाही. उंदीर मारायचा विषारी केक तुम्ही डब्यात ठेवता, बोक्याचं तोंड तिथवर पोचत नाही. आणि बोका दिवाळीच्या आसपास काहीबाही खाऊन दोन दिवस सुस्त पडतो, गवत खाऊन ओकतो, बरा होतो. त्याचं एवढं काय.

कोंडण्याबद्दल तुमचं खरं आहे. कवेलू सरकवून बाहेर पडणाऱ्या जनावराला ‘चोवीस तास घरात ठेवा’ हे वाक्य लेखात नको होतं, काढून टाकतो. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र भांडण आहे. मांजर नुसत्या किड्यानं किंवा उंदरानं क्वचितच मरतं. त्या किड्याला आणि उंदराला आपण जे घातलेलं असतं, त्यानं मरतं.

आधी डब्याचं बोलू. केकच्या पाकिटावर बारीक अक्षरात ‘ब्रोमाडिओलोन ०.००५ टक्के’ असं लिहिलेलं असतं. हे औषध रक्त गोठू देत नाही. पण अंगात आधीच तयार असलेले रक्त गोठवणारे घटक संपेपर्यंत उंदराला काहीच होत नाही. त्यामुळे मरायला त्याला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागतो, आणि तोवर तो रोज येऊन केक कुरतडत राहतो. चौथ्या-पाचव्या दिवसाचा असा उंदीर नीट पाहा. भरदुपारी गोठ्याच्या भिंतीकडेनं चालत असतो, केस पिंजारलेले, पाठ कुबडासारखी. कुटाराच्या ढिगापाशी येऊन नुसता बसून राहतो; काडीनं ढोसलं तर दोन पावलं सरकतो आणि पुन्हा बसतो. त्याच्या यकृतात चार दिवसांचं औषध साठलेलं असतं. बोक्याला इतकी सोपी शिकार एरवी मिळत नाही. डब्यामुळे बोका केकपासून वाचला, उंदरापासून कसा वाचेल? एका उंदरानं बहुधा काही होणार नाही. पण केक ठेवलेल्या आठवड्यात असे चार-पाच पोटात गेले तर बोक्याचंही रक्त गोठेनासं होतं.

त्याची लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात, म्हणून कुणी केकशी त्याचा संबंध जोडत नाही. मांजर सुस्त पडतं, दम लागतो, कधी पाय मुडपून लंगडतं (सांध्यात रक्त उतरलेलं असतं), शी डांबरासारखी काळी होते. वरचा ओठ उचलून हिरडी बघायची. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटानं दाबून सोडली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांत परत गुलाबी होते. मुळातच पांढुरकी दिसली तर वाट बघण्यात अर्थ नाही. यावर उतारा आहे, जीवनसत्त्व के-१. के-३ नावाचंही औषध मिळतं, त्याचा इथे उपयोग होत नाही. आणि के-१ तीन ते चार आठवडे चालवावं लागतं. नेमकं इथेच चुकतं. दोन-तीन दिवसांत मांजर उठून खायला लागतं, आपण औषध थांबवतो, यकृतातलं विष अजून तिथेच असतं आणि दहाव्या दिवशी मांजर जातं.

मग उंदरांचं काय करायचं? घरात, गोठ्यात आणि कोठीत पिंजरे आणि चापाचे सापळे लावायचे, केक नाही. उंदीर मोकळ्या जागेतून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. म्हणून सापळ्याचं तोंड भिंतीकडे करून तो भिंतीला काटकोनात टेकवायचा. पहिले दोन-तीन दिवस सापळा न चढवता त्यात नुसतं शेंगदाण्याचं कूट किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवायचा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, ती भीती मोडू द्यायची आणि मग एका रात्रीत सगळे सापळे चढवायचे. चाप उलट्या ठेवलेल्या, तोंड कापलेल्या तेलाच्या डब्याखाली ठेवला तर बोक्याचा पंजा वाचतो. गोंदाचे पुठ्ठे आणू नका, त्यावर मांजरही चिकटतं. चिकटलंच तर ओढायचं नाही. खायचं तेल चोळून सोडवायचं आणि नंतर साबणानं धुवायचं.

वावरात, धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बिळांसाठी झिंक फॉस्फाइड वापरतात. ते पोटातल्या आम्लाशी मिळून वायू तयार करतं आणि उंदीर काही तासांत मरतो. यकृतात किंवा मांसात ते केकसारखं साठत नाही. धोका उरतो तो उंदराच्या पोटातल्या आमिषाचा. तेव्हा पद्धत पाळायला हवी. संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत. त्यांत दोन दिवस नुसती तेल लावलेली ज्वारीची भरड टाका. तिसऱ्या दिवशी ४८० ग्रॅम भरड, १० ग्रॅम खायचं तेल आणि १० ग्रॅम पावडर हे मिश्रण हातमोजे घालून, काडीनं कालवा. बिळामागे १० ग्रॅमची कागदी पुडी खोल सारून बीळ बंद करा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर मेलेले उंदीर गोळा करून दोन फूट खोल पुरा. आमिष उघड्यावर पसरलं तर फक्त मांजर मरेल असं नाही, मोर-तितरही मरतील. आणि एवढं करूनही घूस सापडली नाही तर बोक्याला दोष देऊ नका. मोठ्या घुशीच्या वाटेला बोका सहसा जात नाही.

आता किडे. पऱ्हाटीवर (कपाशीवर) ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणी चालते आणि सांदवाडी वावराला लागून असते. फवारलेला नाकतोडा लगेच मरत नाही, उताणा पडून पाय झाडतो. मांजराला हलणारी वस्तू दिसली की संपलं. तरीही खाल्लेल्या किड्यापेक्षा जास्त विष बहुतेक वेळा अंग चाटल्यानं जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीतून फवारत जाणं हे एक कारण पुढे आलं होतं. मांजर तर त्या झाडांच्या बुडाशी चालतं, ओली पानं त्याच्या पाठीवर पुसली जातात आणि घरी येऊन ते तासभर तेच चाटत बसतं. दुसरी जागा म्हणजे न्हाणीजवळ पंप धुतो ते डबकं. पंप वावरातच धुवा. थिमेट म्हणजे फोरेट हे दाणेदार कीटकनाशक ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. तरी कोठीच्या फळीवर जुनी पिशवी असेल तर ती सांदवाडीत कदापि वापरू नका.

घरच्या वांगी-भेदऱ्यांना (टोमॅटोंना) निंबोळी अर्क पुरतो : ५०० ग्रॅम निंबोळीची भरड फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात, सकाळी पिळून, २० ग्रॅम साबणाचं पाणी घालून एकूण १० लिटर. फवारा दिवस कलताना. पण निंबाचं तेल पिसवांसाठी मांजराच्या अंगाला चोळू नका, आणि ढोरांचं गोचिडाचं औषध तर नकोच. ज्या औषधावर म्हैस हलत नाही, त्यानं मांजराला झटके येतात. त्याच्या यकृताला ते फोडून बाहेर टाकता येत नाही. तेच पॅरासिटामॉलचं, ताप वाटला म्हणून दिलेली ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

कशानं झालं हे ओळखायला वेळ बघायची. मांजरानं भेक चावला तर मिनिटांत तोंडाला फेस येतो. भेकाच्या डोळ्यांमागच्या गाठींतून पांढरं दूध निघतं, ते लागलं की ओल्या फडक्यानं हिरड्या-जीभ पुढच्या दिशेनं पुसत राहायची. अर्ध्या तासापासून काही तासांत लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, थरथर आणि जुलाब असतील तर फवारणीचं औषध. यावर उतारा म्हणून डॉक्टरांकडचं अ‍ॅट्रोपिन आहे. तेवढ्याच वेळात अंग तापून कडक झटके आले तर गोगलगायी मारायचे मेटाल्डिहाइडचे दाणे. २०२२ मध्ये लातूर-बीडकडे सोयाबीनवर शंखी गोगलगाय आली तेव्हा हे दाणे बरेच वापरले गेले. सांदवाडीत मात्र गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री अंथरून सकाळी खालच्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकल्या की भागतं. तोंडाला लसणासारखा वास आणि ओकारी असेल तर झिंक फॉस्फाइड. दिवसांनी दिसलं तर केक, आठवड्यांनी खोकला किंवा खंगणं दिसलं तर जंत.

पाल विषारी असते हे खरं नाही, पण पाल, गोगलगाय आणि उंदीर यांतून जंत येतात. हिंगे, म्हणजे तुरीच्या फुलांवर बसणारे काळे-केशरी पट्ट्यांचे भुंगे, मात्र खरोखर विषारी आहेत. सुदैवानं मांजर ते सहसा तोंडात धरत नाही. शिकारी मांजराला दर तीन महिन्यांनी वजन करून जंताचं औषध द्या. पट्टकृमीसाठी प्राझिक्वान्टेल किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ४ किलोच्या बोक्याला २०.

विषबाधेत मीठ-पाणी, दूध, तूप काही पाजू नका; झटके येणाऱ्या मांजराच्या घशात ते श्वासनलिकेत जातं. अंगाला औषध लागलं असेल तर हातमोजे घालून कोमट पाणी आणि भांड्याचा पातळ साबण यांनी धुवा, पुसून कोरडं करा. औषधाचं पाकीट सोबत घ्या, कारण डॉक्टरांना कंपनीच्या नावापेक्षा खाली छापलेलं मूळ औषधाचं नाव लागतं. ढोरांचा दवाखाना लांब असेल तर १९६२ वर फोन करा.

राहिलं पोटभर घालण्याचं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात मांसाचं भरपूर प्रथिन असलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. म्हणजे पोट भरलेलं असूनही जवळपास दोन तृतीयांश शिकार चालूच होती! मारायची ओढ फक्त भुकेवर अवलंबून नसते. मेलेलं-अर्धमेलं उचलून खायची घाई मात्र भुकेतून येते. दूध-पोळीवर ठेवलेल्या बोक्याला टॉरीन (मांजराला लागणारा एक पोषक घटक) पुरेसं मिळत नाही, ते मुख्यतः मांस, मासे अशा खाण्यातून येतं. कोंबडीवाल्याकडची मान, कलेजी (आठवड्यातून दोनदाच), उकडलेलं अंडं द्या, कलेजी उकडली असेल तर ते पाणीही त्यावरच ओता. सावजीचा उरलेला रस्सा नको, त्यातला कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतो.

हे खाणं दिवस मावळताना, एकाच ताटलीचा आवाज करून द्यायचं. मग कोंडणं जमतं, आणि रोज कोंडायची गरजही नाही. फवारणीची रात्र आणि पुढचा दिवस, झिंक फॉस्फाइड टाकल्यावर मेलेले उंदीर उचलेपर्यंत, एवढंच. पक्कं छत असलेली एक खोली, रेतीचं घमेलं, पाणी.

आणि तुमच्या बोक्याबद्दल. सोयाबीन निघालं की वावरातले उंदीर घराकडे येतात, तेव्हाच तुम्ही केक ठेवत असणार, आणि बोकाही दिवाळीलाच सुस्त पडतो. या वर्षी केक ठेवलाच तर ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, बोका सुस्त पडेल ती तारीखही लिहा, आणि त्या दिवशी ओठ उचलून हिरडीचा रंग बघून इथे कळवा. पांढुरकी असेल तर आधी दवाखाना, मग प्रतिक्रिया.